जहाजाची मालिका आन् दारव्ह्याचं स्थळ

तुम्ही मले सारखं इचारता ना, दारव्ह्याचं स्थळ काहून मोडलं? ऐका तं मग.

पोरीचे वडील नौदलातून रिटायर झालेले. मी मामासंगं पोरगी पाहाले गेलतो. वडिलांवर छाप पाडावी म्हणून मी म्हटलं, "काका, मी जहाजाची एक मालिका पाहून राह्यलो. रोगानं सारी दुनिया मरते, एक लढाऊ जहाज तेवढं वाचते. जबरदस्त आहे!"

काकांनी कप खाली ठेवला. "जबरदस्त? दरवेळी कॅप्टनच बंदूक घेऊन किनाऱ्यावर उतरते. मंग जहाज कोण चालवते, त्याचा मामा?"

माह्या मामानं मान खाली घातली.

"आन् दुनिया बुडाली तरी त्या जहाजाचं डिझेल काही संपत नाही," काका म्हणाले. "मी इंजिनरूममध्ये वीस वर्षं काढले. असला बकवास कुठं पाहिला नाही."

मी घाबरत म्हटलं, "पण काका, लोकायले लय आवडली."

तेवढ्यात पोरगी पोहे घेऊन आली. मलेच म्हणे, "मी बी पाहिली. सहा महिने समुद्रात, आन् एकाच्याही शर्टाले सुरकुती नाही. तिथं इस्त्री कोण करते, हे कोणीच दाखवत नाही."

मी हसलो. वाटलं, पोरगी मजेदार आहे, जमते आपलं.

"तुमच्या शर्टाले कोण करते?" तिनं इचारलं.

आता खोटं कायले बोलू? म्हटलं, "आई."

माह्या वाटची पोह्याची प्लेट तिनं मामाच्या हातात देली आन् आत निघून गेली.