गाठी मारलेली दोरी

डोळ्यांच्या दवाखान्यात, तपासणीच्या बंद दाराकडे पाहत एक वास्तुकलेची प्राध्यापिका आणि तिचे वडील माझ्या शेजारी बसले होते.

“चष्म्याचा नंबर काढायला आईला एवढा वेळ?”

“लागतो गं.”

“बाबा, आईच्या त्या दोरीचा फोटो मी दर वर्षी वर्गात दाखवते.”

“पलंगापासून न्हाणीघरापर्यंत बांधलेली?”

“तीच. मुलांना सांगते, घर नकाशावर पुरं होत नाही. राहणारी माणसं ते रोज रचतात. बघा, कपडे वाळत घालायची काय नामी युक्ती!”

“कंबरेच्या उंचीवर कपडे, मास्तरीणबाई? एक तरी रुमाल पाहिलास तिच्यावर?”

“...नाही. मग त्या गाठी कशाला?”

“पहिली गाठ हाताला लागली की उंबरा, दुसरी लागली की पायरी.”

“म्हणजे? आईला दिसत नाही?”

“तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं.”

“काहीतरीच काय बाबा! फोटो काढताना ती माझ्याकडे बघून हसली होती.”

“हो. तू कुठं उभी आहेस, ते मीच तिच्या कानात सांगितलं होतं.”