ओट्यावरचा ससा

थेल्मा : ...आणि मग त्यानं डोळा उघडला. माझ्या ओट्यावर, पेस्ट्रीचं पीठ मळून ठेवलेलं त्याच्या शेजारी! मी सुरी घेऊन उभी, आता पोट फाडणार, आणि ससा माझ्याकडे बघतोय.

विल्फ : अगं थेल्मा, मेल्यावरही थोडी हालचाल असते. पाय झाडतात, कातडी थरथरते. तू काय पहिल्यांदा ससा बघतेस?

थेल्मा : मला शिकवू नकोस. या फार्मवर तीस वर्षं कोंबड्यांच्या माना मीच मोडतेय. पाय झाडणं वेगळं. मी बुबुळाला बोट लावलं आणि त्यानं डोळा मिटला. मेलेला ससा डोळा मिटतो का, विल्फ? सांग की!

विल्फ : नाही मिटत.

थेल्मा : दर शनिवारी दारात सशांची जोडी टांगून जाता. रानात येऊ देते म्हणून माझा वाटा. मागचे पाय एकमेकांत अडकवून, उलटी. म्हणजे अर्धा तास तो माझ्या दारात उलटा टांगलेला होता, जिवंत! आणि मी आत रेडिओ लावून गाणं गुणगुणतेय.

रूबेन : कुठे आहे तो आता?

थेल्मा : संपवला. मीच. तुम्हा दोघांना मिळून जमलं नाही ते मी एका झटक्यात केलं. आणि ऐकून ठेवा, सोमवारी त्या गॅसवाल्याला फोन करणार आहे. बिळांत विषारी गॅसची पूड टाकेल, तोंडं बुजवेल, पीक खाणाऱ्या सशांपासून आम्ही सुटलो.

विल्फ : गॅस! अगं, आतल्या आत गुदमरून मरतात ती, पिल्लांसकट. आमचं तसं आहे का? ते मुंगसासारखं पाळीव फेरेट बिळात सोडलं की ससा घाबरून बाहेर पळतो, बिळाच्या तोंडावर लावलेल्या जाळ्यात येतो. मान मोडली, संपलं. त्याला कळतही नाही.

थेल्मा : याला कळलं. चांगलं अर्धा तास कळलं. गॅसवाला निदान 'कळतही नाही' म्हणून मला फसवत तरी नाही. ही जोडी कुणी मारली?

विल्फ : मी.

थेल्मा : तू?

विल्फ : मीच. फेरेट आत अडकून बसलं होतं, खणून काढायचं होतं, घाई झाली. चुकलो. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण...

रूबेन : गप्प बस रे.

विल्फ : रूबेन, तू मध्ये पडू नकोस.

रूबेन : तू खणत होतास. कमरेपर्यंत खड्ड्यात होतास. जाळ्यांपाशी मी होतो. थेल्मा, तो मी मारला. म्हणजे, मारला नाही.

थेल्मा : तुम्ही? रूबेन, अख्ख्या खोऱ्यातल्या पोरांना हे काम तुम्ही शिकवलंत. आमच्या मुलाला, डेनिसलासुद्धा.

रूबेन : हो.

थेल्मा : मग?

रूबेन : हाताला कळत नाही आता. डोकं ज्या हातात धरायचं, त्याची दोन बोटं बधिर झालीत. ओढतो, मागे वाकवतो, सगळं तेच करतो. पूर्वी हाड सुटलेलं बोटांना कळायचं. आता अंदाजानं चाललंय.

थेल्मा : कधीपासून?

रूबेन : थंडी पडल्यापासून. पण हा एकच राहिला. बाकीचे नीट मेले, मी दरवेळी... विल्फ, तू खाली का बघतोयस?

विल्फ : कुठे काय.

रूबेन : वर बघ.

विल्फ : जाऊ दे ना, रूबेन.

रूबेन : विल्फ!

विल्फ : नव्हते मेले. सगळे नव्हते मेले. तू जाळं परत लावायला वाकलास की मी तुझा ससा उचलायचो. डोळा बघायचो. लागलंच तर पुन्हा मान मोडायचो. ख्रिसमसपासून करतोय. आज खड्ड्यात होतो म्हणून राहून गेलं.

रूबेन : माझ्या पाठीमागे?

विल्फ : मग काय तोंडावर सांगू? हे काम मी तुझ्याकडूनच शिकलो. त्या तुला मी सांगू, की आता तुला जमत नाही?

रूबेन : हो! तेच सांगायचं! माझी लाज राखलीस होय रे, नालायका? आणि ससे? मी खाली ठेवला आणि तू उचललास, त्या मधल्या वेळात त्याचं काय होत होतं?

विल्फ : फार वेळ नसायचा.

रूबेन : किती?

विल्फ : मिनिटभर. कधी दोन. तू लवकर मागे वळलास तर थोडा जास्त.

रूबेन : दोन मिनिटं, अर्धी मान मोडून! तुझी मोडतो अर्धी, मग सांग मला किती वेळ वाटतो ते!

विल्फ : मोड की! त्याच हातानं मोडणार ना? ये! आणि तुझं काय रे? हात तुझा, बोटं तुझी. तुला माहीत नव्हतं? डोळा बघितल्याशिवाय पुढच्या जाळ्याला हात लावायचा नाही, हे मला कोकलून कोकलून सांगणारा तू. सबंध हिवाळ्यात एकदा तरी बघितलास डोळा?

रूबेन : नाही.

विल्फ : का नाही?

रूबेन : बघितला असता तर कळलं असतं.

थेल्मा : वा! म्हणजे यांनाही माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. दोघं एकमेकांचं मन जपत बसलात. सोसलं कुणी? त्या एवढ्याशा जिवानं! लाज वाटत नाही तुम्हाला?

विल्फ : पुरे कर, थेल्मा. बघ जरा त्याच्याकडे.

थेल्मा : नाही पुरे करत! तुला फक्त त्याचीच दया येते. ओट्यावर मी उभी होते, तू नव्हतास.

रूबेन : बोलू दे तिला. बरोबर बोलतेय ती. थेल्मा, गॅसवाल्याला बोलावू नकोस. विल्फचे हात चांगले आहेत, काम स्वच्छ आहे. त्याला येऊ दे. मी नाही येणार यापुढे.

विल्फ : आणि फेरेटं? ती काय माझ्या हाकेला बाहेर येणार आहेत? मला तर दिसेल तिथं चावतात. शनिवारी मी एकटा येऊन करू काय, भिंतीवर बसून पाईप ओढू?

रूबेन : ते तू बघ.

विल्फ : मी बघू? सगळं मीच बघू! अरे, ससे मी मारतो, तू फेरेटं सांभाळ, एवढं म्हणायला तुझी जीभ झडते का?

थेल्मा : ते तुमचं तुम्ही भांडा. माझ्या दारात मात्र...

रूबेन : थांबा. गाडी.

थेल्मा : काय गाडी?

रूबेन : बाकीचे ससे गाडीत टांगलेत. विल्फ, तू खड्ड्यात असताना मी किती मारले?

विल्फ : ही जोडी. आणि पाच असतील अजून. कडेला टांगलेत ते.

रूबेन : बघितलेस तू?

विल्फ : नाही.

(तिघंही अंगणातून गाडीकडे धावतात. मागचं दार उघडतं.)

थेल्मा : सरक, विल्फ, उजेड अडवू नकोस.

विल्फ : मी बघतो, तू हो बाजूला.

रूबेन : माझे आहेत, मीच बघणार. डाव्या हाताला कळतं अजून. हा गेलाय. हासुद्धा. हा गार पडलाय.

थेल्मा : देवा, लवकर बघा हो.

रूबेन : हा गेलाय.

विल्फ : आणि तो शेवटचा?

रूबेन : डोळा मिटला यानं.

विल्फ : दे इकडे. तू जा थोडा पलीकडे, मी पटकन...

रूबेन : नाही जाणार. घे, माझ्यासमोर कर.