घटातला मोथा

माह्यापुढं बगीच्याचं नाव नका काढू बाप्पा, चहा कडू होते.

राळेगावले आमच्या घरामागं वांग्या-मेथीचे चार वाफे हायेत. त्यात मोथा शिरला. वरून गवत उपटा, खाली मातीत गाठ शाबूत. आठ दिवसांत पुन्हा हिरवागार. अख्खा भादवा खुरपत बसलो. कंबर गेली, मोथा नाई गेला.

नवरात्राच्या आदल्या दिवशी बायको म्हणे, "घटाले माती पाहिजे. तुमच्या वाफ्यातली आणा, भुसभुशीत हाय."

आणली. चाळली नाई, तेवढंच चुकलं.

तिनं गहू पेरून घट मांडला. चौथ्या दिवशी पाहतो, तर गव्हाच्याही वर मोथ्याचे भाले! मी हात घातला तशी ती ओरडली, "हात नका लावू! घटातलं उपटत नसतात!"

"अवं, मोथा हाय तो!"

"असू द्या. देवीपुढं उगवला ना?"

शेजारच्या काकू दर्शनाले आल्या. म्हणे, "यंदा तुमचा घट लय दाट आला वो!" बायको खूश.

ज्याले महिनाभर शिव्या देत खुरपलं, त्याले नऊ दिवस आंघोळ करून पाणी घातलं. वरून हात जोडले.

दसऱ्याले म्हटलं, सुटलो. टोपलं उचलून नालीकडे निघालो, तर मागून आवाज आला, "घटाची माती नालीत टाकता काय? वाफ्यातच घाला, बरकत येते!"

घातली, भाऊ. बरकत येऊन राह्यली.