भूपेंद्रच्या डोक्यातलं पानी

मिरग लागला होता, पन आभाळ ना पडे ना उघडे, उकाड्यानं आंगाची लाही होऊन राहिली होती, अन् अशात सूनबाईनं, हर्षानं, मले भंडाऱ्याच्या डाक्टरापुढं नेलं... बिमार कोन, तर माहा पोरगा भूपेंद्र. साक्ष कोनाची, तर माही! बसनं म्हटलं का आपल्याले जमते. बसलो.

डाक्टर म्हने, बाबाजी, हा लहानपनी कसा होता? काय सांगू तुमाले... शाळेत बसे नाही, पंगतीत बसे नाही, बंडीत बसवला तर उडी मारून बैलाइच्या समोर पळे. शेजारचे यादोराव रोज म्हनत, "जागेश्वर, पोरगं पोसलं का माकड गा?" अन् गाव म्हने, लगन करून द्या, बसते. ओढाळ ढोराच्या गळ्यात लोढनं बांधतेत ना, तसं. देल्लं करून. हा कायचा बसते? लोढनंच बिचारं मांगं फरफटलं! लागलं काम सोडे, साहेबाचं बोलनं पुरं व्हाच्या आंधी उत्तर देऊन घरी. शेवटी हर्षा म्हने, आता वरठीच्या कारखान्यातलं काम सुटलं तर मी पोरीले घेऊन साकोलीले मायघरी जातो. मी काय करू? बसलो.

तर डाक्टर म्हने, ही खोडी नाही. काही पोरं मोठी झाली का थंडावतेत, काहीचं पळनं पायातून निघून डोक्यात जाते. डोक्यात निरोप नेनारा एक रस असते, तो याले पुरत नाही. म्हनून मानूस धावते, भांडते, फटफटी सुसाट पळवते, तेवढ्यापुरता तो रस सुटते. मी म्हटलं, म्हनजे तलाव भरला आहे, पन धानाच्या वावरातल्या शेवटच्या बांदीले पानी पोचत नाही? म्हने, तसंच समजा. आता सांगा, कोरड्या बांदीले कोनी शिव्या देते का? गावानं देल्ल्या!

गोळी सुरू झाली. महिना झाला, काम टिकून आहे, हर्षाची पेटी पुन्हा माळ्यावर गेली. अन् परवा, सुटीच्या दिवशी, भूपेंद्र माह्या बाजूले बसून, न उठता, पुरा भात जेवला. मी त्याच्याकडं पाहून राहिलो... बसला गा! दरसाल याच दिवसात साऱ्या गावाच्या रोवन्यात, धानाच्या लावनीत, हाच चिखलातून पळे, पऱ्ह्याच्या म्हनजे रोपाच्या पेंड्या फेके, चार मानसाचं काम एकटा करे, अन् मांगे काय, एक कप चहा.

तेवढ्यात यादोराव आले. बसलेल्या भूपेंद्रले बराच वेळ पाहत राहिले, अन् माह्या कानाशी येऊन म्हनाले, "जागेश्वर, गोळी चांगलीच आहे गा... पन माहा रोवना झाल्यावर चालू केली असती, तर काय बिघडलं असतं?"