पान चौदावरची चूक

नाही सर, तुमच्या कॉलेजात सत्कार नको. बसा ना, उभे का — शाल-श्रीफळ कशाला, मी केलं काय, तर चार ओळींची एक मेल पाठवली. ते सॉफ्टवेअर फुकटचं, सगळ्यांचं, त्याची माहितीपुस्तिका जगभरची माणसं फावल्या वेळात लिहितात, मग राहतात चुका — कुठे पायरी गाळलेली, कुठे आकडा चुकलेला — ज्याला दिसली त्यानं कळवायची, एवढंच. मी कळवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आभार, दुरुस्त केली, आणि शेवटच्या पानावर नाव टाकलं, छाया जी., नाशिक. त्यात कसलं कौतुक.

कोणती चूक? साधीच होती. एका डिस्कवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायची कमांड — आधी जुन्या डिस्कचं नाव, मग नवीचं — पान चौदावर उलटं छापलेलं. म्हणजे कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. भरलेली पुसली जाते. खात्री आहे का, वगैरे विचारत नाही काही — पुसते.

आमच्याकडे खंडेराव होते, ड्रॉइंगचे. बावन्न वर्षांचे. आधी बोर्डावर पेन्सिलीनं काढायचे, दोन हजार साली कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा मीच शिकवलं त्यांना — माउस असा धरायचे, वरून, पेन्सिलीसारखा — आणि मग जुन्या कागदांवरचं एकेक ड्रॉइंग त्यांनी परत काढलं, कॉम्प्युटरवर. चार वर्षं. कागद साहेबांनी रद्दीत दिले, जागा हवी होती. जूनमध्ये ती ड्रॉइंगं असलेली डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा मी सिन्नरला, वहिनीच्या बाळंतपणाला — त्यांचा फोन आला, म्हणाले, "छायाताई, डिस्क आवाज करतेय, तुमची वाट बघू का?" मी म्हटलं, पुस्तिका आहे ना टेबलावर, पान चौदा काढा, लिहिलंय तसं करा. मांडीवर बाळ होतं, रडत होतं. पेन्सिलीनं दुरुस्त केलेली प्रत माझ्या कपाटात, कुलपात —

हं? हो. दुरुस्त केलेली. चूक मार्चमध्येच सापडली होती मला, माझ्याच दोन फायली गेल्या होत्या. कळवली का नाही — माझं इंग्रजी, सर. तीनदा लिहिली मेल, तीनदा पुसली. वाटलं, हसतील, सातपूरची कोण ही बाई आमच्या चुका काढते. आणि फोनवर आठवलं नाही — म्हणजे, आठवलं. फोन ठेवल्यावर आठवलं. भावाच्या फोनला एसटीडी नव्हतं, पण बूथ कोपऱ्यावरच होता. म्हटलं, बाळ झोपलं की जाते. बाळ झोपलं. मग वाटलं, खंडेराव आहेत, बघून करतील.

मी परत आले तेव्हा ते रिकाम्या स्क्रीनसमोर बसले होते. "लिहिलंय तसंच केलं मी," म्हणाले. साहेबांनी विचारलं, कुणाची चूक. खंडेराव म्हणाले, माझी. मी दाराशी उभी होते, माझ्या हातात डबा होता, तो धरून उभी होते. सोमवारपासून ते आले नाहीत. त्यांची खुर्ची मला दिली — ही. त्याच दुपारी मेल लिहिली, वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं, सर. लोक विचारतात, वाईट वाटत असेल. नाही वाटत. जेवते, झोपते, बस पकडते. पहिले काही दिवस वाट बघितली, वाटेल म्हणून. मग तेही सोडलं.

पण तुम्हाला माझा पत्ता कुणी दिला? पुस्तिकेत तर आडनावही नाही — खंडेरावांनी? तुमच्या कॉलेजात? ड्रॉइंग हॉलला? कधीपासून — आठ महिने. मला वाटलं, घरीच असतात. काय म्हणाले?

"आमच्या छायाताईंनी दुरुस्त करून घेतलं, आता कुणाचं पुसणार नाही." असं म्हणाले. सगळ्यांसमोर. आणि नारळ तेच देणार.

सर, त्यांना ते मार्चचं — नाही. काही नाही. निघा तुम्ही.