टबातले चाळीस अंश

नोइलीन : आता तूही म्हण, आकडा चाळीस दिसतोय म्हणजे पाणी चाळीसच आहे.

राविरी : मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही, मावशी.

नोइलीन : माझी लेक जिलियन म्हणते. डनिडनहून, फोनवर. तिला तिथं बसून माझ्या टबातलं पाणी गरम लागतं.

(न्यूझीलंडमधलं अलेक्झांड्रा गाव, जुलैची, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातली दुपार. जर्दाळूच्या झाडांखाली सकाळचं गोठलेलं दव अजून तसंच. घरामागच्या लाकडी ओट्यावर दोघांपुरता गरम पाण्याचा टब. त्याच्याशी गुडघे टेकून बसलेला दुरुस्तीवाला राविरी आणि त्याच्या डोक्यावर उभ्या एकोणऐंशी वर्षांच्या नोइलीनबाई. टब दुरुस्त व्हावा ही इच्छा दुय्यम. आपलं खरं आहे असं कुणीतरी म्हणावं, हे त्यांना मुख्य हवंय.)

राविरी : तुम्ही कशानं मोजलंत?

नोइलीन : जॅमच्या थर्मामीटरनं. हसू नकोस. जिलियन हसली.

राविरी : नाही हसत. किती आलं?

नोइलीन : सदतीस. तीन दिवस, रोज सदतीस. त्याच थर्मामीटरवर सगळा जन्म जर्दाळूचा जॅम केलाय. एकदा पातळ राहिला असेल तर शपथ.

राविरी : माझा टाकून बघू. जरा धीर धरा, पंपानं पाणी फिरू दे... हं. सदतीस.

नोइलीन : परत सांग.

राविरी : सदतीस. टबाचा आकडा खोटा, तुमचा जॅम खरा.

नोइलीन : बाई गं! शुक्रवारी येतेय ती. मला घेऊन जाणार, म्हाताऱ्यांच्या वसाहतीतली खोली दाखवायला. म्हणते, 'आई, बाबा गेल्यापासून तुला काहीबाही वाटतं.' एप्रिलपासून ओरडतेय मी, पाणी गार आहे, गार आहे. शेवटी माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. रात्री दिवे बंद केलेत का ते चार चारदा बघून यायचे.

राविरी : फळी काढतो ही. बहुतेक सेन्सर जागेवरून सरकला असेल, नाहीतर क्षार धरला असेल... नाही. छान बसलाय. स्वच्छ आहे... हे काय? मावशी, इथं आधी कुणी हात लावलाय?

नोइलीन : मर्वशिवाय कुणाची बिशाद होती? माझा नवरा. टेलिफोन खात्यात होता, निम्मं आयुष्य खांबावर गेलं त्याचं.

राविरी : तरीच. सेन्सरच्या वायरींमध्ये तांदळाएवढा रेझिस्टर जोडलाय. काम बघा किती देखणं! यानं आकडा तीन अंशांनी चढतो. चुकून होणारी गोष्ट नाही ही. आणि टेपखाली चिठ्ठी आहे.

नोइलीन : चिठ्ठी? वाच. चष्मा आत राहिला माझा.

राविरी : 'जो कुणी हे उघडेल त्याला. काढू नकोस. डॉक्टर तिला सदतीसच्या वर बसू देत नाही आणि ती चाळीसच्या खाली उतरत नाही. मी दोघांचंही ऐकलंय. तिला सांगू नकोस. मर्व.' ...अरे देवा. शेवटची ओळ आधी वाचायला हवी होती मी.

नोइलीन : तारीख?

राविरी : ऑगस्ट. आठ वर्षं झाली.

नोइलीन : हृदयाचं निघालं माझं, तेव्हाचं. घरी आल्या आल्या भांडले होते मी. म्हटलं, कोमट पाण्यात बसायला मी काय बेडूक आहे? दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'बस चाळीसात. डॉक्टरला काय कळतंय!' आणि वर आकड्याकडे बघून 'हुश्श, फारच कडक झालंय' असं करायचा. आठ वर्षं! लबाड कुठला!

राविरी : पक्का नट होता म्हणायचा.

नोइलीन : थांब. म्हणजे आठ वर्षं पाणी सदतीसच होतं?

राविरी : हो.

नोइलीन : मग तेव्हा का नाही गार लागलं? म्हणजे जिलियनचंच खरं. पाणी तेच आहे, मीच बिघडलेय.

राविरी : तुम्ही आत बसलात की पाणी कुठवर येतं?

नोइलीन : इथवर. खांद्याच्या खाली चार बोटं.

राविरी : आणि काका असताना?

नोइलीन : गळ्यापर्यंत. सव्वाशे किलोंचा गडी. तो उतरला की पाणी असं वर चढायचं, आणि मी ओरडायचे, केस भिजले म्हणून.

राविरी : झालं तर. आता तुमचे खांदे बाहेर राहतात, तेही असल्या थंडीत. गार लागणारच. तुमचं डोकं ठणठणीत आहे, मावशी.

नोइलीन : (पाठ फिरवून डोळे पुसते.)

राविरी : रडताय का?

नोइलीन : रडू दे. तीन महिने त्या आकड्याशी भांडतेय मी. तो नाही म्हणून गार लागत होतं, एवढंच होतं होय? रोज पाचला उतरायचो आम्ही. पाच वाजले की घर खायला उठतं रे. फार एकटं वाटतं.

राविरी : हा रेझिस्टर काढू? खरा आकडा दिसेल.

नोइलीन : हात तर लावून बघ! चिठ्ठीही होती तशी ठेव.

राविरी : मग जिलियनला काय दाखवणार?

नोइलीन : तुझ्या कागदावर लिही. 'तक्रार बरोबर. आकडा तीन अंश जास्त.' खाली सही कर, ठळक. कारण लिहू नकोस, ते आमच्या दोघांतलं आहे.

राविरी : लिहितो. पण गारव्याचं काय? टबाला काठ भरपूर आहे, पाणी वाढवता येईल. पाचपर्यंत तापेलही.

नोइलीन : नळी त्या भिंतीमागे आहे. गोठली नसली म्हणजे मिळवली.

राविरी : येतंय पाणी. सांगा मावशी, किती भरू?

नोइलीन : मर्वएवढं.