ला मूलाची चढण

एलिएसर : बैलगाडीएवढी चाकं लावलीस आणि आता म्हणतेस, गाडी चढावर रडते. रडेल नाहीतर काय गाईल?

नेरेइदा : म्हणून तर तुमच्याकडे आणली, काका.

एलिएसर : दोन्ही एक्सलचे क्राउन-पिनियन, म्हणजे आतले दातेरी गिअर, बदलावे लागतील. मग मुंगीसारखी चढेल, थांबायची नाही. पण सपाटीवर गाढवसुद्धा तुझ्या पुढे जाईल.

नेरेइदा : जाऊ दे. मला रविवारच्या शर्यतीत ला मूलाची चढण चढायचीय.

एलिएसर : रुबिएलला धडा शिकवायला?

नेरेइदा : माझा भाऊ ओविदिओ शर्यतीत त्याच चढणीच्या वळणावर लटकला होता, काका. खाली दरी. रुबिएलच्या गाडीत दोर होता. ओविदिओनं हाका मारल्या, हा पुढे गेला करंडक उचलायला. ओविदिओचा पाय गेला, आणि हा गावभर सांगत फिरतो, ‘मला हाक ऐकूच आली नाही.’

एलिएसर : ठाऊक आहे, पोरी.

नेरेइदा : त्याची गाडी तुमच्याच अंगणात आहे ना? मागच्या एक्सलला नवे दाते घाला, पुढे जुनेच ठेवा. फोर-व्हील लावली की दोन्ही एक्सल आपसात भांडतील. भर चढणीत काहीतरी तुटेल.

एलिएसर : तिथं तुटलं तर माणूस मरतो. माझ्या हातून ते होणार नाही.

नेरेइदा : ओविदिओ मरतच होता!

एलिएसर : ऐक तर. रुबिएलनंही तुझ्याएवढीच चाकं बसवलीत. म्हटलं, दाते बदल. तर म्हणतो, ‘म्हातारबा, ते बायकांना लागतं. मी इंजिनाच्या जोरावर चढतो.’ दोनदा सांगितलं. आता तिसऱ्यांदा नाही सांगायचो.

(रविवार. चढणीचं वळण. रुबिएलची गाडी अडकली आहे. तिला ओलांडून नेरेइदा वर थांबली आहे.)

रुबिएल : नेरेइदा! क्लच जळला! मागचं चाक पार कडेला आलंय!

नेरेइदा : वास आला मघाशीच.

रुबिएल : दोर टाक ना!

नेरेइदा : काय म्हणालास?

रुबिएल : दोर! देवाशपथ, गाडी घसरतेय!

नेरेइदा : अजून मोठ्यानं. माथ्यावर सगळं गाव उभं आहे. कळू दे त्यांना, इथून हाक ऐकू जाते की नाही.

रुबिएल : दोर टाऽऽक!

नेरेइदा : ऐकलंत का हो वरच्यांनो?... हात हलवतायत बघ. घे, पकड. हुकाला बांध.

(शर्यतीनंतर. नेरेइदा रुबिएलची गाडी दोरानं ओढत गावात आणते आहे.)

रुबिएल : आता गाव आलं. जरा जोरात ओढ की! चौकात सगळे हसतायत.

नेरेइदा : याहून जोरात ही जात नाही. चढणीचे गिअर आहेत.

रुबिएल : अगं, इथं कशाला थांबलीस? हे तर... ओविदिओ दारातच बसलाय.

नेरेइदा : रोज बसतो. उतर.

रुबिएल : काय बोलू मी त्याच्याशी?

नेरेइदा : तुझं तू बघ. सावकाश बोल. हल्ली त्याला कुठं जायचं नसतं.